इंग्रजीतला नवरा

आमच्या पोरानं लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात अस्तराचं कापड फाडत होते. मुलगी बंगळुरात त्याच्याच ऑफिसात, माहेर कोइमतूरचं. मला काही वाईट वाटलं नाही. पोरगी शिकलेली आहे, फोटोत हसरी आहे आणि आमच्या पोराला सहन करते, एवढं मला पुरे होतं. अडचण पुढच्या वाक्यात होती.

"आई, तिच्या आईबाबांना मराठी येत नाही. हिंदीही नाही म्हणण्यासारखीच. दिवाळीनंतर ते शेगावला येतील. दर्शन होईल आणि लग्नाची बोलणीही होतील. तुम्हाला थोडं इंग्रजी बोलावं लागेल."

"बोलू ना," मी म्हणाले. "बोलन्याचं मले कवा काय अडलं?"

हे खरंच होतं. मेहकरच्या बाजारात माझं मॅचिंगचं दुकान आहे, फॉल-पिकोचं मशीनही तिथंच. माझ्या दुकानात आलेली बाई अस्तर विसरून घरी गेली असं झालेलं आहे, पण गोष्ट अर्धी ऐकून गेली असं कधी झालं नाही. गावातली लग्नं जमलेली, मोडलेली आणि मोडता मोडता राहिलेली, सगळी आधी माझ्या काउंटरवर येतात. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा मुक्काम येईपर्यंत त्याच्या घरातली म्हैस कितव्या वेताची आहे ते मला कळलेलं असतं.

आमचे हे अगदी उलटे. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. दोन भावांच्या भांडणात धुरा, म्हणजे वावराचा बांध, कुठून जातो हे ठरवायला जायचं, साखळी टाकायची, खुणा रोवायच्या आणि परत यायचं. नोकरीच्या सुरुवातीला एका वावरात उभे असताना यांनी आंब्याच्या झाडाकडं बघत "सावली चांगली आहे" एवढंच म्हटलं होतं. धाकट्या भावानं त्याचा अर्थ असा घेतला की साहेबांनी झाड थोरल्याला दिलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि यांची सावली तिथं बरीच वर्षं फिरत राहिली. तेव्हापासून यांनी तोंड बंद ठेवायची सवय लावून घेतली ती घरीही सुटली नाही. घरात यांचे तीन शब्द: हाव, नाई आणि पाहू. रिटायर झाल्यावर "पाहू"सुद्धा कमी झालं, कारण पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तर आम्ही दोघांनी क्लास लावला. बस स्टँडकडच्या रस्त्यावर एका मेडिकलच्या वर तो क्लास होता. पाटीवर लिहिलं होतं, 'फाडफाड इंग्रजी व व्यक्तिमत्त्व विकास'. शिकवणारे सर आमच्या पोराहून लहान होते. एप्रिलच्या उन्हात, पंखा बंद असतानाही, ते टाय लावून उभे असत. टायमुळे आत्मविश्वास येतो असं ते म्हणत. घाम कशामुळे येतो ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी इंग्रजी नव्हतंच, व्यक्तिमत्त्वाची परीक्षा होती. सरांनी प्रत्येकाला उभं करून प्रश्न विचारले.

"काकू, बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलता का?"

"मी त्यायले अनोळखी राहूच देत नाई," मी म्हणाले.

वर्ग हसला. सर खूश झाले. मग त्यांनी यांना विचारलं, "काका, तुम्ही?"

"नाई."

"लग्नाकार्यात लोकांमध्ये मिसळता का?"

"नाई."

"मग काय करता?"

यांनी थोडा वेळ विचार केला. "जेवतो," म्हणाले.

निकाल लागला. मी एक्स्ट्रोव्हर्ट आणि हे इंट्रोव्हर्ट. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखून समजावलं, की जो माणूस बोलका असतो तो भाषा झपाट्यानं उचलतो, आणि जो लाजाळू असतो त्याच्यावर मेहनत घ्यावी लागते. बोलक्यांना पुढच्या बाकांवर बसवलं, लाजाळूंना मागं. माझ्या शेजारी पुढच्या बाकावर नगरपालिकेची निवडणूक लढवू पाहणारा एक तरुण पुढारी होता. त्यालाही एक्स्ट्रोव्हर्ट ठरवलं होतं आणि ते त्याला पद मिळाल्यासारखं वाटत होतं.

मी दुकानात येऊन सगळ्यांना सांगितलं की मी एक्स्ट्रोव्हर्ट आहे. शेजारची बांगड्यांवाली काळजीनं म्हणाली, "मंग गोळ्या चालू केल्या का?"

दुसऱ्या दिवशी खरं इंग्रजी सुरू झालं. पुढं येऊन आपली ओळख करून द्यायची होती. सर म्हणाले, "सुरुवात काकू करतील." मी पदर सावरून ऐटीत फळ्यापाशी गेले, वर्गाकडं तोंड केलं आणि उघडलं. आतून काही आलं नाही.

ते कसं झालं हे मला अजून नीट सांगता येत नाही. मराठीत माझं तोंड पुढं चालतं आणि विचार मागून धापा टाकत येतो. मी बोलायला लागते तेव्हा वाक्याच्या शेवटी काय आहे ते मलाही ठाऊक नसतं, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला मजा येते. इंग्रजीत ते जमेना. आधी विचार करा, मग शब्द शोधा, मग ते वाक्यात नीट लावा. तेवढ्यात गोष्ट शिळी होते. त्यातून समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायका माझ्या गिऱ्हाईक. बाजारात जिच्या तोंडाला कोणी लागत नाही ती मी, आणि माझं 'इज' चुकलं तर संध्याकाळपर्यंत ते अस्तराच्या दरासारखं सगळ्यांना पाठ होणार.

"माय," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "माय." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माय वं." मी जागेवर जाऊन बसले.

सर म्हणाले, "व्हेरी गुड," आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

मग यांचा नंबर आला. मला वाटलं, हे "नाई" म्हणून बसतील. हे उठले, फळ्यापाशी गेले, खिडकीबाहेर बघत उभे राहिले आणि साखळी टाकावी तसा एकेक शब्द खाली टाकत बोलू लागले.

"माय जॉब वॉज लँड मेजर. टू ब्रदर फायटिंग. आय स्टँड मिडल. धिस ब्रदर सेज, दॅट ब्रदर ईट माय लँड. दॅट ब्रदर सेज, धिस ब्रदर ईट माय लँड. आय नो. बोथ ब्रदर ईट गव्हर्नमेंट लँड."

वर्ग हसून लोळला. हे हसले नाहीत, पण थांबलेही नाहीत. त्यांनी सावलीची गोष्ट सांगितली, कोर्टाची सांगितली, एका बाईनं खुणेचा दगड उचलून यांच्या अंगावर कसा आणला ते सांगितलं. ही शेवटची गोष्ट मी संसारात पहिल्यांदा ऐकत होते. मी पुढच्या बाकावर बसून त्या खिडकीजवळच्या माणसाकडं बघत राहिले आणि मला वाटलं, हा माणूस कोणाच्या घरचा आहे?

घरी जाताना मी विचारलं, "तुमाले इतकं बोलनं येते तं घरी काऊन बोलत नाई?"

हे चालता चालता म्हणाले, "इंग्रजीतलं कोनी धरून नाई ठेवत."

मला तेव्हा राग आला, पण नंतर कळलं की ते बरोबर होतं. मराठीत यांचा शब्द म्हणजे साक्ष. इंग्रजीत तो नुसता शब्द. चुकला तर क्लासमध्ये चुकतातच, आणि बरोबर आला तरी त्यावरून कोणाचं झाड जाणार नव्हतं.

आठवड्याभरात सरांचा सिद्धांत अवघड जागी सापडला. फळ्यावरचे दोन रकाने अजून तसेच होते आणि आम्ही दोघं उलटसुलट वागत होतो. सरांनी एक दिवस गंभीर होऊन जाहीर केलं की काकू वरून एक्स्ट्रोव्हर्ट असल्या तरी आतून इंट्रोव्हर्ट आहेत, आणि काका वरून इंट्रोव्हर्ट असले तरी आतून एक्स्ट्रोव्हर्ट आहेत. म्हणजे सिद्धांत शाबूत राहिला, फक्त आम्ही आतून-बाहेरून बदललो. यांना पुढच्या बाकावर आणलं आणि मला मागं पाठवलं.

मागच्या बाकावर माझ्या शेजारी नर्सिंगला जाणारी एक मुलगी बसायची. क्लास लागल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. सर तिला म्हणत, "डोन्ट बी शाय." ती मान हलवायची. मी तिला कुजबुजत विचारलं, "तुले लाज वाटते का वं?"

"नाई काकू," ती म्हणाली. "माह्यं बोलून झालं की सर टाळ्या वाजवतात. बरोबर आलं तरी टाळ्या, चुकलं तरी टाळ्या. मंग मले समजावं कसं? त्याच्यापरीस मी घरी मोबाइलवर ऐकतो आन् एकटीच बोलतो. इथं मी आईसाठी येतो. तिले वाटते क्लास लावला की इंग्रजी येते."

पुढच्या बाकावरून तेव्हा पुढारी बोलत होता, "आय विल डेव्हलप द वॉर्ड, द पीपल, द रोड, द नाली." क्रियापद एकच, पण त्याचा आवाज खामगावपर्यंत पोचला असता. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या.

सरांनी मला उपाय दिला, रोज आरशासमोर उभं राहून इंग्रजीत बोलायचं. मी उभी राहिले. म्हणाले, "गुड मॉर्निंग मॅडम." आरशातल्या बाईचं ब्लाउज खांद्यावर नीट बसलं नव्हतं. मी ते काढून शिवण उसवली. त्या दिवशीचं इंग्रजी तिथंच संपलं.

खरा घोटाळा पुढं झाला. सर सांगत, आधी विचार करा, मग बोला. ही सवय हळूहळू माझ्या मराठीतही शिरली. दुकानात कोणी विचारलं, "काकू, या साडीवर कोनता रंग जाईल?" तर मी थांबायला लागले. विचार करायला लागले. माझ्या तोंडून नुसतंच "मोरपंखी" असं एक शब्दाचं उत्तर यायचं. बायका एकमेकींकडं बघायच्या. बांगड्यांवालीनं तर माझी नाडी धरून पाहिली. गल्लीत बातमी पसरली की पोरगा परजातीत लग्न करतो म्हणून बाईनं मनाला लावून घेतलं आणि वाचा बसली. दोघीतिघी समजूत घालायला आल्या. मी त्यांना इंग्रजीमुळं असं झालं म्हणून सांगितलं, तर त्या आणखी हळव्या झाल्या.

आणि घरी हे मात्र दिवाणावर बसून मोठ्यानं पाठ करत असायचे, "आय हॅव टोल्ड. आय हॅड टोल्ड. आय शुड हॅव टोल्ड." आमच्या घरात पहिल्यांदाच बोलणं त्या बाजूनं येत होतं, आणि मी स्वयंपाकघरात गप्प.

एका शनिवारी क्लासमध्ये विषय होता, 'माझं कुटुंब'. सरांनी यांना पुढं बोलावलं. हे आता क्लासचे लाडके झाले होते. लोक यांच्यासाठी पुढची जागा धरायचे.

"माय वाईफ इज व्हेरी गुड स्पीकर," यांनी सुरुवात केली. "आय अ‍ॅम व्हेरी गुड लिसनर. गॉड मेड सच पेअर. इन मॅरेज, ब्राह्मण अ‍ॅस्क मी नेम ऑफ माय गोत्र. माय वाईफ टोल्ड."

वर्ग हसला. माझ्या गिऱ्हाईक बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडं वळल्या. मीही थोडी हसले. पुढं भरीत खारट असल्याचं आलं. ते मी ऐकून घेतलं. मग टीव्हीचा रिमोट आला. तेही घेतलं. तोंडात उत्तरं तयार होती, पण सगळी मराठीत, आणि क्लासमध्ये मराठी बोललं की सर बोट ओठांवर ठेवत. असं माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं की माझ्यावर कोणी बोलतंय आणि मी गप्प बसून ऐकतेय.

मग हे म्हणाले, "माय सन इज इंजिनिअर. माय वाईफ सेड, नो, ही विल सिट इन शॉप. आय सेड, इंजिनिअरिंग."

हे धादांत खोटं होतं. इंजिनिअरिंगचं मी म्हटलं होतं. हे तर "आयटीआय पाहू" म्हणाले होते, आणि "पाहू" म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी उठून उभी राहिले हे मला उभी राहिल्यावर कळलं.

"लाय," मी म्हणाले. "धिस मॅन लाय. आय टोल्ड इंजिनिअरिंग. ही टोल्ड आयटीआय."

हे वळले.

"आय टोल्ड आयटीआय फर्स्ट. देन इंजिनिअरिंग."

"व्हेन? नो वन हिअर. मी नॉट हिअर, सन नॉट हिअर. यू टोल्ड टू वॉल?"

"यू गिव्ह नो गॅप," हे म्हणाले. "आय ओपन माऊथ, युवर ट्रेन कमिंग. आय क्लोज माऊथ."

"यू नॉट टॉक, सो आय टॉक! माय टॉक आय टॉक, युवर टॉक आय टॉक. सिस्टर-इन-लॉ फोन, आय टॉक. टीचर ऑफ सन, आय टॉक. मिल्कमॅन, आय टॉक. डबल ड्यूटी. माय थ्रोट पेन. यू नेव्हर अ‍ॅस्क."

मी इंग्रजीत बोलत होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. विचार पुन्हा मागं पडला होता आणि तोंड पुढं गेलं होतं, वाटेत जे इंग्रजी सापडलं ते उचलत. नर्सिंगवाली मुलगी माझ्याकडं बघत होती.

हे खिडकीकडं न बघता, माझ्याकडं बघून म्हणाले, "यू वेन्ट टू युवर मदर हाऊस. फिफ्टीन डेज. हाऊस व्हेरी सायलेंट. आय नॉट स्लीप. देन आय गो शॉप, स्टार्ट पिको मशीन. नो क्लॉथ. ओन्ली साउंड."

वर्गात काही जण हसले आणि मग हसायचे थांबले. मी काय म्हणावं ते मला इंग्रजीत सुचेना, आणि खरं सांगायचं तर मराठीतही सुचलं नसतं. असलं काही मराठीत आमच्यात कोणी कोणाला म्हणत नाही. मराठीत म्हटलं असतं तर मीच म्हणाले असते, "कायले मोटर जाळली फुकट?" मी म्हणाले, "ओके," आणि बसले.

सरांनी आमचं सगळं भांडण मोबाइलवर घेतलं होतं. त्यांना एवढा आनंद झाला होता की त्यांनी टाय सैल केला. "ही माझ्या मेथडची कमाल," ते म्हणाले. "काकूंना मी मुद्दाम मागं बसवलं होतं." संध्याकाळी तो व्हिडिओ क्लासची जाहिरात म्हणून गावभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'आमचे विद्यार्थी इंग्रजीत डिबेट करताना'. डिबेट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही नवरा-बायकोचं भांडण ओळखू आलं. सकाळी दुधवाला दारात उभा राहून म्हणाला, "काकू, त्याच्यात माह्यं नाव घेतलं म्हने तुमी." त्याला वाटलं होतं, मी दुधात पाण्याची तक्रार केली.

दोन दिवसांनी पोराचा फोन आला. तो व्हिडिओ कुठल्या तरी मावसभावाकडून त्याच्याकडं गेला होता, त्याच्याकडून तिच्याकडं आणि तिनं तो तिच्या आईबाबांना दाखवला होता.

"काय म्हनले ते?" मी घाबरत विचारलं.

"तिचे बाबा म्हणाले, चांगली माणसं दिसतात, भांडतात तेही इंग्रजीत. त्यांच्याकडं भांडण झालं की ते फक्त गप्प बसतात."

दिवाळीनंतर आम्ही एसटीनं शेगावला गेलो. ईवाई आणि ईन, म्हणजे आमचे होणारे व्याही आणि विहीण, आदल्या दिवशीच रेल्वेनं येऊन लॉजवर उतरले होते. पोरगा आणि होणारी सून त्यांच्यासोबतच होते. मी अजिबात काळजीत नव्हते. इंग्रजी बोलायला यांना घेऊनच आले होते.

दर्शन झालं, लॉजच्या खोलीत सगळे बसलो. ईवाई बँकेतून रिटायर झालेले, सडपातळ, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी घसा साफ केला आणि छापील वाटावं अशा इंग्रजीत म्हणाले की त्यांच्याकडं लग्न पहाटे होतं, कोइमतूरलाच व्हावं अशी इच्छा आहे, आणि आमचं काय म्हणणं आहे.

सगळे यांच्याकडं बघू लागले. हे जमिनीकडं बघत होते. मी ओळखलं. हा चेहरा मी यांच्या नोकरीच्या दिवसांत रोज बघायचे. दोन बाजूंची माणसं समोरासमोर बसली होती, मधून रेघ काढायची होती, आणि जे बोलू ते पुढं धरलं जाणार होतं. क्लासमधला खिडकीजवळचा माणूस निघून गेला होता आणि मोजणीचे साहेब आले होते.

"अहो, बोला," मी हळूच म्हणाले.

"पाहू," हे म्हणाले.

ईवाई पुन्हा घसा साफ करून बसले. तेही यांच्यासारखेच निघाले, फक्त त्यांचं गप्प बसणं शुद्ध इंग्रजीत होतं. ईन मुलीच्या कानात तमिळमधून भराभरा काही सांगत होती आणि मुलगी "अम्मा, अम्मा" करून तिला थांबवत होती. बाई माझ्याच जातीची, हे मला तिची भाषा न कळता कळलं. पोरगा मोबाइलकडं बघत होता. असं आणखी थोडं चाललं असतं तर लग्न कोइमतूरला पहाटेच लागलं असतं आणि आमच्या बाजूचा एक माणूस तिथं पोचला नसता.

मी पदर खोचला.

"सर," मी म्हणाले, "मॉर्निंग मॅरेज, युवर साइड. ओके. व्हेरी गुड. बट माय पीपल, मॉर्निंग फोर ओ क्लॉक, ओन्ली स्लीपिंग. टू मॅरेज. वन मॅरेज कोइमतूर, मॉर्निंग. वन मॅरेज मेहकर, इव्हिनिंग. सेम बॉय, सेम गर्ल."

ईवाई विचारात पडले. "टू वेडिंग्ज? इज दॅट नेसेसरी?"

"नेसेसरी," मी म्हणाले. "टू टाइम टाय, देन नॉट तुटिंग."

सुनेनं तोंडावर हात ठेवला आणि आईला तमिळमध्ये सांगितलं. ईन जोरात हसली आणि नवऱ्याला काहीतरी असं सुनावलं की ते लगेच म्हणाले, "ऑल राइट. टू वेडिंग्ज." त्यानंतर बोलणी आमची दोघींचीच झाली. ती तमिळ आणि मी माझं जे काही ते, मध्ये पोरगी उभी राहून इकडचं तिकडं करत होती. जेवणात काय, साड्या कोणी आणायच्या, किती माणसं न्यायची. साड्यांवर जरा ताणलं, कारण त्यांच्याकडच्या कापडाला आमच्याकडचं अस्तर लागत नाही असं ती म्हणाली, आणि मी दुकानदार आहे. दोघे पुरुष गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि रेल्वे स्टेशनकडं बघत होते. तिथं काय बोलले ते मी नंतर विचारलं.

"मालगाडी गेली," हे म्हणाले.

परतीच्या एसटीत मी यांच्यावर जाम चिडले होते. एवढा क्लास करून ऐन वेळेला तोंड शिवलं म्हणून. हे ऐकून घेत राहिले. खामगावच्या पुढं गेल्यावर म्हणाले, "बेस बोलली तू." मराठीत.

क्लास आम्ही सोडला. सरांनी आमचा फोटो पाटीवर लावला आहे, यांच्या गळ्यात टाय काढून. म्हणजे चित्रात काढला आहे. यांनी टाय कधी लावला नव्हता. नर्सिंगवाली मुलगी आता छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्यात लागली आहे आणि तिथं, तिची आई सांगते, केरळच्या नर्सांशी दिवसभर इंग्रजीत बोलते. पुढारी निवडणूक हरला, पण भाषण इंग्रजीत केल्यामुळं हरला असं मानतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

दोन्ही लग्नं झाली. सून पहिल्यांदा राहायला आली ती मोबाइलवर मराठी शिकून. दारात उभी राहून म्हणाली, "नमस्कार. आपण सर्व कसे आहात?" इतकं शुद्ध मराठी आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. बघायला आलेल्या बायका बिचकून मागं सरल्या. बांगड्यांवालीनं तिच्याशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला. कोणीच उत्तर देईना तेव्हा सुनेनं ते मराठी गुंडाळून ठेवलं, आणि दुकानात माझ्या शेजारी बसून बाजारातून येणारं-जाणारं जे कानावर पडेल ते उचलायला सुरुवात केली. कोण कोणाला काय म्हणतं, कुठला शब्द कोणासाठी, हे बघायला तिला वेळ नव्हता. चुकेल याची तिला भीतीही नव्हती. ऐकलं की लगेच वापरायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी हे दुकानातल्या बाकावर नेहमीसारखे गप्प बसले होते. तिनं यांच्यासमोर कप ठेवला. यांनी घेतला नाही, कुठंतरी बघत राहिले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाय काऊन नाई घेऊन राह्यले बे?"

काउंटरशी दोन बायका होत्या, त्यांच्या हातातल्या चिंध्या तशाच राहिल्या. मित्राला नाहीतर धाकट्याला म्हणायचं ते 'बे' सासऱ्याला म्हटलेलं आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नसेल. मी तिला बाजूला घेऊन सांगायला उठले होते. तेवढ्यात हे बाकावर सरळ बसले, कप उचलला, एक घोट घेतला आणि तिला म्हणाले, "घेऊन राह्यलो ना बे. साखर टाकली का नाई यात?"

"नाई टाकली," ती म्हणाली. "तुमाले शुगर आहे ना."

"कोनं सांगतलं तुले?"

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, आणि मग ते दोघं बराच वेळ साखरेवरून बोलत राहिले. मी पुन्हा मशीनवर बसले. मला मध्ये काही बोलायला जागाच नव्हती.